चक्कर कमी झाली की नाही, हे कशावरून ठरवायचं?

पत्र:

“मॅडम, माझी आई 58 वर्षांची आहे. माहेर खानापूर तालुक्यात, मी लग्नानंतर बेळगावात वडगावला असते. गेल्या ऑक्टोबरात एका पहाटे आईला सगळं घर गरगर फिरायला लागलं, दोन दिवस उलट्या थांबेनात. एमआरआय चांगला आला. डाव्या कानाच्या तोलाच्या नसेला सूज आली होती, असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. पाच महिने चक्करेच्या गोळ्या झाल्या. एप्रिलपासून दर आठवड्याला फिजिओथेरपीला आणतेय, त्याला 6 आठवडे झाले. 25 प्रश्नांच्या फॉर्ममध्ये पहिल्या दिवशी 58 गुण होते, आता 44 आहेत. खुर्चीतून उठून, चालून परत येऊन बसायला 14.6 सेकंद लागायचे, आता 11.2 लागतात. थेरपिस्ट म्हणतात, प्रगती छान आहे. आई म्हणते, ‘कागदावर बरी झाले गं मी, अंगात काय फरक नाही. उलट पहिल्यापेक्षा जास्तच फिरतंय.’ रात्री डाव्या कुशीवर वळली की पंख्यासारखं फिरतं, मिनिटभरात थांबतं. पहिला फॉर्म माझ्या भावाने वाचून भरला होता, दुसरा तिथल्या शिकाऊ मुलीने कानडीतून विचारला. बस शक्ती योजनेत फुकट आहे, पण तिचा अख्खा दिवस जातो आणि माझी रजा. मिरगाआधी शेतात जायचंच म्हणून ती हट्ट धरून बसलीय. ती चौथीपर्यंत शिकलीय, डेअरीच्या दुधाचा हिशोब तीच ठेवते, भोळी नाही. खरं कुणाचं मानायचं? आणि चालू ठेवायचं का सोडायचं?”

— एक मुलगी, वडगाव, बेळगाव

उत्तर:

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी पत्रातलं एक वाक्य घेते, कारण ते पुढच्या तारखेपर्यंत तसंच ठेवू नये. रात्री डाव्या कुशीवर वळलं की पंख्यासारखं फिरतं आणि मिनिटभरात थांबतं, असं तुम्ही लिहिलंय. नसेच्या सुजेनंतर मागे राहणारी चक्कर सहसा अशी नसते. कानाच्या आत, तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियमचे अगदी बारीक कण असतात. ते आपली जागा सोडून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत उतरले, की डोकं ठरावीक बाजूला कलल्याबरोबर जोरात फिरतं आणि थोड्या वेळात आपोआप थांबतं. ज्या कानाची नस एकदा आजारी पडली, त्याच कानात पुढे हा त्रास सुरू झालेला आम्हाला पुष्कळदा बघायला मिळतो.

याची तपासणी दोन-चार मिनिटांची आहे. पलंगावर बसवून मान 45 अंश वळवतात, पटकन मागे निजवतात आणि बुबुळं थरथरतात का ते बघतात. डिक्स आणि हॉलपाइक या दोघांनी 1952 साली ही पद्धत मांडली, आजही तीच वापरतात. कण सरकलेले निघाले तर डोकं एका क्रमाने फिरवून ते परत जागेवर नेतात, त्याला एप्लीची क्रिया म्हणतात. बहुतेकांना एक-दोन वेळेत आराम पडतो. पण नजरेचे आणि चालण्याचे व्यायाम महिनाभर केले म्हणून हे कण जागचे हलत नाहीत. तेव्हा थेरपिस्टना याच आठवड्यात फोन करून एवढंच विचारा, की ही तपासणी पहिल्या दिवशी केली होती का, आणि त्यानंतर पुन्हा केली का. मोबाईलवरचा व्हिडिओ बघून घरी डोकं फिरवायला जाऊ नका. कान कुठला, नळी कुठली हे कळल्याशिवाय क्रिया ठरत नाही, आणि आईंच्या मानेची तब्येतही आधी बघावी लागते.

या त्रासाची प्रगती मोजायचीही वेगळी रीत आहे. गुण नाहीत, सेकंद नाहीत. पुन्हा तसंच निजवल्यावर बुबुळं शांत राहिली आणि आई रात्री बिनधास्त कूस बदलू लागल्या, की काम झालं.

आता, खरं कुणाचं? माझं झुकतं माप आईंकडे आहे, आणि त्याचं कारण तुमच्या कागदातच आहे.

तो 25 प्रश्नांचा फॉर्म जेकबसन आणि न्यूमन यांनी 1990 साली तयार केला. ‘हो’ला 4, ‘कधीकधी’ला 2, ‘नाही’ला 0. एकूण 100. आकडा जितका मोठा, तितका चक्करेने संसार अडवलेला. 58 म्हणजे तीव्र त्रास, 44 म्हणजे मध्यम. थेरपिस्टचा आनंद इथला आहे आणि तो खोटा नाही. पण उपचारानंतर गुण निदान 18 ने उतरले तरच तो खरा बदल समजावा, असं हा फॉर्म तयार करणाऱ्यांनीच सांगितलंय. आईंचे उतरलेत 14. हिशोब करून बघा: सात प्रश्नांना ‘हो’च्या जागी ‘कधीकधी’ म्हटलं की 14 गुण गेले. माणूस जरा बऱ्या मनःस्थितीत असला, विचारणारी पोरगी गोड बोलली, तरी सात उत्तरं एवढी सरकू शकतात. म्हणजे दिशा चांगली आहे, पण शिक्का मारायची वेळ अजून आलेली नाही.

सेकंदांचं तसं नाही. 14.6 वरून 11.2 ही चांगलीच उतरंड आहे. ही चाचणी 1991 पासून जगभर चालते: खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आई ती रेघ ओलांडून अलीकडे आल्यात, याचं समाधान वाटून घ्या. फक्त ती रेघ धोक्याची आहे, तंदुरुस्तीची नव्हे. साठीतल्या धडधाकट माणसांना सरासरी 8 सेकंदांच्या आसपास लागतात. आई तर अजून साठीच्या आत आहेत, आणि ऑक्टोबरापर्यंत शेतात राबत होत्या. त्यांच्या अंगाला तो फरक कळणारच.

शिवाय सेकंद काय सांगत नाहीत तेही ऐका. गेल्या पावसाळ्यात एक मावशी माझ्यासमोर ही चाचणी करत होत्या. 10.9 सेकंद. कागदावर उत्तम. पण मी पायांऐवजी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. उठताना त्यांनी उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर पांढरी पडेपर्यंत दाबली. चालताना नजर सहा इंच पुढच्या फरशीवर, एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर. मान खांद्यांत रुतलेली. वळायच्या जागी डोकं आधी वळायला हवं. त्यांचं डोकं, खांदे, कंबर सगळं एकदम फिरलं, दाराची फळी फिरावी तसं. मी म्हटलं, “मावशी, आता तसंच चाला, पण चालता चालता उजवीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा.” दुसऱ्याच पावलाला त्यांचा हात भिंतीकडे गेला. त्या 10.9 सेकंदात चलाखी होती, तोल नव्हता. चक्करेचं माणूस मान ताठ ठेवून जगायला शिकतं, आणि मान ताठ ठेवून दिलेल्या परीक्षेत पास होतं.

‘उलट जास्तच फिरतंय’ या आईंच्या तक्रारीचं मूळही इथंच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

दोन्ही कानांतले तोलाचे अवयव मेंदूला सतत खबर देत असतात, डोकं कुठं चाललंय म्हणून. डावीकडची नस लुळी पडली की मेंदूला एकाच बाजूची खबर येते आणि त्याला वाटतं, माणूस गोल फिरतोय. पहिल्या दोन-तीन दिवसांचा तो कहर आईंनी भोगलाय. पुढे मेंदू हळूहळू हिशोब बदलतो, उरलेल्या खबरीवर भागवायला शिकतो. पण शिकायचं तर त्याला चूक दिसायला लागते. डोकं हललं, नजर घसरली, फिरल्यासारखं झालं, की त्याला कळतं इथं दुरुस्ती हवी. डोकं हलवायचंच नाही असं ठरवलं तर दुरुस्तीही होत नाही. त्यात पहिल्या काही दिवसांची चक्कर दाबायला दिलेल्या सिनारिझीन, प्रोक्लोरपेराझीनसारख्या गोळ्या महिनोन् महिने चालू राहिल्या, तर मेंदूला ती चूकच धड जाणवत नाही. आईंच्या गोळ्या कुठल्या होत्या हे तुम्ही लिहिलेलं नाही. अजून चालू असतील तर कधी आणि कशा थांबवायच्या, ते कानाच्या डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका.

म्हणजे बघा, पाच महिने आई घरात, मान ताठ, गोळी पोटात. चक्कर कमीच येणार होती. आता रोज डोकं हलवायला लावलंय, बसमधून एवढं लांब आणलंय, गर्दीतून चालवलंय. चक्कर वाढणारच. बाजाराला न जाणाऱ्या बाईला बाजारात चक्कर येत नाही, पण म्हणून तिला बरी म्हणायचं का? म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कुणालाही मी ‘दिवसात किती वेळा चक्कर आली’ हे पहिलं विचारत नाही. चक्कर आल्यावर ती किती मिनिटांत निवळली, आणि ती असताना हातातलं काम पुरं झालं का, हे विचारते. मार्चमध्ये झाडून काढताना वाकलं की आई तासभर आडव्या होत असतील आणि आज दहा मिनिटं उंबऱ्यावर बसून उरलेलं अंगण झाडत असतील, तर चक्करेची संख्या वाढलेली असूनही आई सुधारल्यात. हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नसेल तर ‘काय फरक नाही’ असंच त्या म्हणणार. त्यांचा दोष नाही.

फॉर्म कुणी भरला हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला ती ओळ फार महत्त्वाची वाटली. पहिल्यांदा भावाने, घरच्या मराठीत. दुसऱ्यांदा शिकाऊ मुलीने, कानडीतून. आपल्या भागात हे रोज होतं. फाईल इंग्रजीत, विचारणारी कानडीत, उत्तर देणारी मराठीत, आणि मधे जो नातेवाईक उभा असेल तो दुभाषी. कुणाच्या भाषेबद्दल माझी तक्रार नाही, मी स्वतः दिवसभर तिन्ही भाषा बोलते. पण ज्या दोन आकड्यांची तुलना करायची ते एकाच मापाने घेतलेले हवेत.

ही गोष्ट मी स्वतः चूक करून शिकले. बरीच वर्षं झाली, चंदगडकडचे एक आजोबा यायचे. पहिला फॉर्म जावयाने भरून दिला. सासऱ्यांचा त्रास त्याने मनापासून, जरा चढवूनच सांगितला. महिन्याने दुसरा फॉर्म भरायला आमच्याकडची विद्यार्थिनी बसली, तिने कानडी-मराठी मिसळून विचारलं. परक्या मुलीसमोर आजोबा प्रत्येक प्रश्नाला ‘न्हाई न्हाई, बरं हाय’ म्हणत गेले. आकडा झरकन उतरला. मी फाईलवर ‘चांगली सुधारणा’ लिहिलं आणि महिन्यातून एकदा या म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांनी ते न्हाणीच्या ओल्या पायरीवर पडले, मनगट मोडलं. चूक माझी होती. तेव्हापासून फॉर्म कुणी वाचला, कुठल्या भाषेत वाचला, हे मी आकड्याच्या शेजारीच लिहिते.

शब्दांचंही तेच आहे. ‘चक्कर’ या एका शब्दात आपण चार दुखणी कोंबतो. गरगरणं म्हणजे घर फिरणं. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं, तिथं निजून आणि उभं राहून रक्तदाब मोजायला लागतो. चालताना झोकांडी जाणं वेगळं, त्यात पायांच्या तळव्यांची जाणीव आणि डोळ्यांतला मोतीबिंदूही बघावा लागतो, मधुमेह असेल तर नक्कीच. आणि डोकं जड, भणभणल्यासारखं होणं आणखी वेगळं. कानडीत ‘तले सुत्तु’ (डोकं फिरणं) म्हटलं की आईंच्या डोक्यात यातलं नेमकं काय येतं, हे त्या मुलीला कळणं अवघड आहे. त्या फॉर्ममध्ये सुपरमार्केटमधल्या कपाटांच्या रांगांतून चालताना त्रास वाढतो का, असा एक प्रश्न आहे. ज्या बाईने सुपरमार्केट पाहिलेलंच नाही ती ‘नाही’ म्हणेल आणि तिचे 4 गुण फुकटात कमी होतील. तिला विचारायचं ते आठवडी बाजाराचं: दोन्ही हाताला भाजीचे ढीग, समोरून माणसं, मागून मोटारसायकलचा हॉर्न.

तेव्हा पुढच्या वेळी फॉर्म पुन्हा मराठीत भरून घ्या. शक्यतो भावानेच वाचावा, म्हणजे पहिल्या दिवसाशी मेळ बसेल. त्याने फक्त वाचायचं, उत्तर आईंचं. ‘अगं परवा तर पडली होतीस की’ असं मधे बोलायचं नाही. त्याला काय दिसतं ते त्याने थेरपिस्टना वेगळं सांगावं, तेही कामाचं असतं.

आणि बसमधून उतरल्या उतरल्या चाचण्या नकोत. खड्ड्यांतून तासभर हिंदकळत आलेल्या माणसाचा तोल त्या घडीला सगळ्यात वाईट असतो. वीस मिनिटं बसू द्या, पाणी-चहा होऊ द्या. पायांत दर वेळी तीच चप्पल. खुर्ची तीच, हात असलेली असेल तर दर वेळी हात असलेलीच.

थेरपिस्टना आणखी एक विनंती करा. 14 कामांची, 56 गुणांची एक तोलाची चाचणी असते, बर्गच्या नावाची. ती म्हाताऱ्या आणि अर्धांगवायूच्या माणसांसाठी उत्तम आहे, पण आईंसारख्या कानाच्या रुग्णांना तिथं पहिल्याच दिवशी पन्नासच्या पुढे गुण पडतात आणि मग वर चढायला जागाच उरत नाही. ती केली नाही तरी चालेल. त्याऐवजी मान वळवत चालणं, वेग बदलणं, अडथळा ओलांडणं असलेली चालीची चाचणी करायला सांगा. त्यातली एक 24 गुणांची आहे, 19 किंवा खाली पडले तर पडण्याचा धोका मानतात. दुसरी 30 गुणांची, तिथं 22 किंवा खाली. मावशींची चलाखी अशा चाचणीत उघडी पडली असती. आणि नजरेचा तक्ता: आधी डोकं स्थिर ठेवून वाचायचा, मग थेरपिस्ट डोकं भराभर हलवत असताना वाचायचा. दोनपेक्षा जास्त ओळी कमी वाचता आल्या, तर कान आणि डोळ्यांची जोडी अजून जमलेली नाही. हे सहा आठवड्यांपूर्वी झालं नसेल तर आता करून ठेवा, पुढच्या तुलनेला उपयोगी पडेल.

आता घरची वही. आई डेअरीचा हिशोब ठेवतात हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण या कामाला तीच नजर लागते. एका सकाळी फॅट कमी लागलं म्हणून कुणी म्हैस विकत नाही, आठवडाभराचं पुस्तक बघतात. तसंच इथं. रोज मोजायचं नाही, रोजच्या चढउताराने जीव हैराण होतो. आठवड्यातून एक दिवस, सकाळची धार काढून झाल्यावर.

पहिलं मोजमाप कार्डाचं. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर ठळक ‘अ’ काढा, हातभर अंतरावर धरा, नजर त्यावर ठेवून डोकं डावी-उजवीकडे हलवायचं. मोबाईलवर टिकटिक करणारं मेट्रोनोम मिळतं, त्या ठेक्यावर. ठेका हळूहळू वाढवा, आणि ‘अ’ हलायला किंवा फिसकटायला लागला की तो आकडा लिहा. मिनिटाला 60 वरून तीन आठवड्यांत 90 वर गेला तर मेंदू शिकतोय, आई काहीही म्हणोत. व्यायाम संपल्यावर चक्कर दहापैकी किती, आणि ती व्यायामाआधीच्या पातळीवर यायला किती मिनिटं लागली, हेही शेजारी लिहा. पंधरा-वीस मिनिटांत निवळत असेल तर मात्रा बरोबर आहे. दोन तास टिकत असेल तर व्यायाम झेपेनासा झालाय, थेरपिस्टना सांगून कमी करा. आणि काहीच होत नसेल तर तो फार सोपा झालाय.

दुसरं, वाकळ. घरातली एक जाड वाकळ ठरवून टाका, तीच, तेवढ्याच घड्या. खोलीच्या कोपऱ्यात अंथरायची, म्हणजे दोन्ही बाजूंना भिंत, समोर पाठ असलेली खुर्ची, आणि शेजारी तुमच्यापैकी कुणीतरी हात पुढे करून उभं. त्यावर पाय जोडून, हात छातीवर घेऊन, डोळे मिटून उभं राहायचं. किती सेकंद? दवाखान्यातही मऊ गादीवर हेच 30 सेकंदांपर्यंत मोजतात. डोळे मिटले, पायाखाली मऊ, म्हणजे मेंदूला कानाशिवाय कुणाचा आधार उरला नाही. आईंच्या कानाची खरी कसोटी ही. एकटीने करू देऊ नका, एकदाही नाही.

आणि तिसरं बांधाचं. आईंना मिरगाआधी शेतात जायचंय, मग मोजमापही शेतातलंच हवं. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. डोक्यावर बुट्टी घेऊन आई बांधावरून नीट चालल्या तर तुम्हाला वाटेल, झालं, बऱ्या झाल्या. पण बुट्टी असली की मान मुळात हलतच नाही! ती आईंसाठी सोपी परीक्षा आहे, तिच्यावर भरवसा ठेवू नका. आधी सपाट, कोरड्या, रुंद बांधावर रिकाम्या हाताने चालायचं. मग चालता चालता उजवीकडच्या, डावीकडच्या शेताकडे बघायचं. मग कुणी मागून हाक मारल्यावर वळून ‘ओ’ द्यायची. किती पावलांनंतर पाय बांधाबाहेर पडला, किती वेळा कुणाला धरावं लागलं, ते वहीत. कोरड्यावर वीस पावलं मान फिरवत, न धरता जमली, की मग थेरपिस्टना विचारून पुढचं. पावसात आपल्याकडचा बांध शेवाळाने आणि चिखलाने कसा होतो, ते तुम्ही लहानपणापासून बघताय. लावणीच्या चिखलात उतरायचं या वर्षी ठरवूच नका. चिखलात उभं राहणं म्हणजे पायाखाली वाकळ, आणि वर ओणवं होऊन रोपं लावायची. रोपांच्या जुड्या बांधावर पोचवायचं काम मात्र, वहीतले आकडे तसे आले, तर त्यांच्याकडे देता येईल. शेतातलं काहीच नको असं सांगाल तर आई व्यायामही सोडतील.

घरात पडणं झालं, किंवा पडता पडता वाचल्या, तर तेही तारखेसह लिहा. आई ते लपवतील. रागावलात तर नक्की लपवतील.

सोडायचं का? नाही, आत्ता नाही. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेच्या 2022 सालच्या मार्गदर्शक सूचना मला या बाबतीत पटतात. एका कानाचा त्रास जुना झाला असेल तर नजरेचे व्यायाम दिवसातून तीन ते पाच वेळा, सगळे मिळून रोज निदान 20 मिनिटं, असे चार ते सहा आठवडे सांगितलेत. आईंचे सहा आठवडे झालेत खरे, पण रोज 20 मिनिटं होत होते का, हे तुम्हालाच माहीत. गोठा, चूल, दूध यातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं निघाली नसतील, तर उपचार फसला असं म्हणता येणार नाही, तो अजून पुरता झालेलाच नाही. थांबायचं ते ठरवलेलं काम जमायला लागल्यावर, त्रास गेल्यावर, किंवा व्यायाम नेमाने होऊनही आकडे बरेच आठवडे जागचे हलेनासे झाल्यावर. तिसरं झालं तर पुन्हा कानाच्या डॉक्टरांकडे, निदान नव्याने तपासायला.

दर आठवड्याची फेरी जड जात असेल तर ते थेरपिस्टना मोकळेपणाने सांगा. कूस बदलतानाच्या चक्करेचा निकाल लागला आणि वही नीट भरली जात असली, तर दोन आठवड्यांनी एकदा आलं तरी चालतं का, ते विचारता येईल. वहीचा फोटो मोबाईलवर पाठवून व्यायाम वाढवून घेता येतात. तुमची रजाही वाचेल.

एक सावधगिरी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. चक्करेबरोबर एकाएकी बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकाचं दोन दिसायला लागलं, हात-पाय लुळा पडला, कधी नव्हे अशी डोकेदुखी उठली किंवा धरूनही उभं राहता येईना, तर ‘आईची नेहमीची चक्कर’ म्हणून घरी निजवायचं नाही. 108 ला फोन करून सरळ मोठ्या दवाखान्यात. ते कानाचं नसून मेंदूच्या रक्तपुरवठ्याचं असू शकतं आणि तिथं मिनिटं मोजायची असतात.

वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख, ‘अ’चा ठेका, वाकळेवरचे सेकंद आणि बांधावरची पावलं आईंच्या हाताने लिहून घ्या. पुढच्या तारखेला फाईलबरोबर ती वही थेरपिस्टच्या टेबलावर ठेवा, आणि कूस बदलतानाच्या तपासणीत काय निघालं ते मला कळवा.